दिल्लीची कावीळ आणि गर्भवती स्त्री

1955 च्या अखेरीस पूर ओसरल्यानंतर यमुनेने दिल्लीजवळ आपला प्रवाह बदलला. शहरासाठी पाणी उचलले जाते ते वझीराबादेस, आणि नजफगढचा नाला नदीस मिळतो तो त्याच्या खालच्या अंगास. परंतु प्रवाह पालटताच नाल्याचे मैलापाणी उलट चढले आणि नोव्हेंबरात काही दिवस ते पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत येत राहिले. जलशुद्धीकरण केंद्रातील अधिकारी बेसावध नव्हते. त्यांनी तुरटी आणि क्लोरिन यांचे प्रमाण वाढविले. विषमज्वराची वा आमांशाची साथ उद्भवली नाही, तेव्हा संकट टळले असेच कोणासही वाटले असते. डिसेंबरात मात्र घरोघरी कावीळ दिसू लागली.

या साथीचा शास्त्रशुद्ध अभ्यास डॉ. आर. विश्वनाथन यांनी केला. केवळ रुग्णालयांतील नोंदींवर विसंबून न राहता घरोघर नमुना-पाहणी करण्यात आली आणि कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे 29,300 असल्याचा अंदाज निघाला. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे मोल दोन गोष्टींत आहे. जीवाणूंच्या कसोटीस उतरलेले पाणी विषाणूंपासूनही मुक्त असेलच असे नाही, ही पहिली. दुसरी अधिक दुःखद: गर्भवती स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण इतर रुग्णांहून पुष्कळ अधिक होते.

विश्वनाथन यांच्या काळी या रोगाचा विषाणू कोणासच ठाऊक नव्हता. पुढे जपून ठेवलेल्या रक्तद्रव्याची तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन आणि खोर्शेद पावरी यांनी अमेरिकी सहकाऱ्यांसमवेत 1980 मध्ये दाखवून दिले की, दिल्लीची ती साथ हेपटायटिस-ए ची नव्हती, बी चीही नव्हती. त्याच सुमारास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू काश्मीरमधील 1978 च्या साथीतून त्याच निष्कर्षाप्रत येत होते. 1983 मध्ये मिखाईल बालायान यांनी मॉस्कोत रुग्णांच्या विष्ठेतील अर्क स्वतः प्राशन करून तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली आणला. असे साहस अनुकरणीय म्हणता येणार नाही; तथापि ज्ञान पुढे सरकले ते त्यामुळेच. आज त्या विषाणूस हेपटायटिस-ई म्हणतात.

खुरू यांचे आकडे कोणाही समंजस माणसास अस्वस्थ करतील. त्यांच्या पाहणीतील 208 गर्भवतींपैकी 36 जणींना रोग झाला आणि त्यांतील 8 जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. त्याच वयाच्या, पण गर्भवती नसलेल्या 71 रुग्ण स्त्रियांत असे एकही उदाहरण नव्हते; 107 पुरुषांत तीन होती. आठही गर्भवती शेवटच्या तिमाहीत होत्या. हा केवळ काश्मीरचा योगायोग नव्हे. दिल्लीत शारदा पात्रा, शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावीळ झालेल्या 220 गर्भवतींचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी 132 जणींना हेपटायटिस-ई होता आणि त्यांतील 41 टक्के मृत्यू पावल्या. अन्य विषाणूंमुळे कावीळ झालेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. गर्भारपणात हा विषाणू इतका उग्र का होतो, याचे उत्तर संप्रेरकांत शोधावे की प्रतिकारशक्तीतील बदलांत, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

लस आहे. चीनने तिला 2011 मध्ये मान्यता दिली, आणि 2022 मध्ये दक्षिण सुदानमधील बेंटियू येथे साथ रोखण्यासाठी ती गर्भवतींनाही देण्यात आली. परंतु बांगलादेशातील चाचणीच्या विश्लेषणात गर्भपाताविषयी शंका उपस्थित झाली आहे. ती निवारण होईपर्यंत लसीवर सर्व भार टाकणे धोक्याचे होईल. उलटपक्षी, गर्भवती स्त्री नाजूक म्हणून तिला संशोधनातूनच वगळण्याची जुनी रीतही समर्थनीय नाही, कारण जी सर्वाधिक मरते तिच्याविषयीच आपण सर्वांत कमी जाणतो.

तोवर भिस्त पाण्यावर. कोल्हापुरात 1981 मध्ये आणि इचलकरंजीत 2012 मध्ये नदीकाठच्या शहरांनी हाच धडा पुन्हा गिरविला. मैलापाणी शिरल्याचे कळल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सामान्यतः काही आठवडे जातात, दिल्लीतही गेले. ही मुदत दवडण्यासारखी नाही. नळाच्या पाण्यात मैला मिसळल्याचा संशय येताच पाणी उकळून पिण्याची सूचना वर्तमानपत्रांत देण्यापूर्वी प्रसूतिगृहांत, माता-बालक केंद्रांत आणि सुईणींकडे पोहोचली पाहिजे, आणि इंधनाचा खर्च न झेपणाऱ्या घरांतील गर्भवतींना उकळलेले पाणी पुरविण्याची जबाबदारी नगरपालिकेने उचलली पाहिजे. पाण्याचा पुरवठा जिच्या हाती, तिच्याच हाती ती पहिली सूचना आहे.