आकाश खुले, पण अभ्यासाची वाट?

चिलीतील रुबिन वेधशाळा दहा वर्षे आकाशाचे सर्वेक्षण करणार आहे; रात्रीला सुमारे २० टेराबाइट माहिती. आकाशातील बदलांच्या सूचना जगाला लगेच खुल्या, संपूर्ण माहिती दोन वर्षांनी. पण माहिती खुली झाली म्हणून संशोधक घडत नाहीत. म्हणूनच एलएसएसटी डिस्कव्हरी अलायन्स ही ना-नफा संस्था तरुण शास्त्रज्ञांना फेलोशिप देते.

मुकुंदवाडीतल्या आपल्या मुलामुलींना संगणक, मार्गदर्शन आणि घरखर्चाचा आधार कोण देणार? बाबासाहेबांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत याच शहरात महाविद्यालय उभारले, ते याच प्रश्नाचे उत्तर होते. जयंतीला आपण वर्गणी काढतोच. तिचा एक वाटा विहारातील संगणक अभ्यासिकेला आणि विज्ञान शिकणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याला देऊ या.