नॉर्थईस्ट कळलं, पण नॉर्थ-नॉर्थईस्ट म्हणजे काय रे भाऊ?

मुंबईकराला दिशा किती? दोनच! ईस्ट आणि वेस्ट. स्टेशनच्या एका अंगाला उतरलात तर अंधेरी ईस्ट, दुसऱ्या अंगाला अंधेरी वेस्ट. बाकी सगळं 'पुलाच्या पलीकडे' आणि 'सिग्नलला लेफ्ट मारा'. पण अरबी समुद्रात वादळ तयार झालं आणि हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन ऑफिसच्या ग्रुपवर फिरायला लागलं, की पंचाईत होते. 'वेस्ट-साऊथवेस्ट ऑफ मुंबई', 'मूव्हिंग नॉर्थ-नॉर्थईस्टवर्ड्स'... सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. कळलेलं मात्र फार थोड्यांना असतं!

आता हे काही नुसतं ग्रामर नाही, बॉस. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि ईशान्येकडे सरकत थेट जमिनीवर शिरलं. मे २०२१ चं 'तौक्ते' साधारण उत्तर-वायव्येकडे सरकत राहिलं. त्यानं मुंबईला झोडपलं खरं, पण किनारा गाठला तो गुजरातचा. समुद्र तोच, किनारा तोच. कोणाच्या घरावरचे पत्रे उडणार, हे ठरलं दिशेवरून. म्हणून ही भानगड एकदा समजून घेऊ या. पाच मिनिटांचं काम आहे.

फंडा नंबर एक. मुख्य दिशा चार. त्यांच्या मधोमध चार उपदिशा: नॉर्थईस्ट, साऊथईस्ट, साऊथवेस्ट, नॉर्थवेस्ट. म्हणजे आपल्या ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य. (विसरलात? आजीला विचारा. देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला, हे तिला झोपेतही पाठ असतं.) इंग्रजीत या चौघींत नॉर्थ किंवा साऊथ कायम पुढे. 'ईस्टनॉर्थ' असं कुणी म्हणत नाही.

फंडा नंबर दोन. या आठांच्या मध्ये आणखी आठ बसवा, की झाल्या सोळा. दोन शेजारणींत अंतर साडेबावीस अंश. नाव वाचायची युक्ती सोपी आहे: पहिला शब्द म्हणजे झुकाव. नॉर्थ-नॉर्थईस्ट म्हणजे ईशान्य, पण उत्तरेकडे झुकलेली. ईस्ट-नॉर्थईस्ट म्हणजे तीच ईशान्य, पण पूर्वेकडे झुकलेली. मराठीत सरळ 'उत्तर-ईशान्य' आणि 'पूर्व-ईशान्य' म्हणा, डोक्यात लगेच चित्र उभं राहतं.

साडेबावीस अंशांनी काय बिघडतं, असं वाटतंय? दहा किलोमीटर चालून बघा. मुक्कामापासून जवळपास चार किलोमीटर बाजूला पोचाल! सह्याद्रीत धुक्यात वाट चुकलेल्या ग्रुपनं फोनवर 'आम्ही किल्ल्याच्या ईशान्येला आहोत' असं सांगितलं आणि ते असले उत्तर-ईशान्येला, तर शोधणारे भलत्याच सोंडेवर चढतील.

फंडा नंबर तीन. इथे भलेभले गडबडतात. वाऱ्याचं नाव तो *कुठून* येतो त्यावरून पडतं. साऊथवेस्टर्ली विंड नैऋत्येकडून येतो, अगदी आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांसारखा. शेवटी 'वर्ड्स' लागलं, की मात्र अर्थ *कुठे* जातोय असा. नॉर्थईस्टवर्ड्स म्हणजे ईशान्येकडे. म्हणजे साऊथवेस्टर्ली वारा वाहतो नॉर्थईस्टवर्ड्स! दोन्ही शब्द एकाच बुलेटिनमध्ये येतात, तेव्हा शेपूट नीट वाचा.

आणि तो चिमुकला 'ऑफ'? 'वेस्ट-साऊथवेस्ट ऑफ मुंबई' म्हणजे मुंबईत उभं राहून त्या दिशेला बघा, वादळ तिकडे समुद्रात आहे. 'नॉर्थवेस्ट ऑफ पुणे' म्हणजे पुण्याच्या बाहेर, वायव्येला. पण 'इन द नॉर्थवेस्ट ऑफ पुणे' म्हणजे पुण्यातच, वायव्य भागात. साइट व्हिजिटचा पत्ता मेल करताना एवढ्याशा 'इन'मुळे क्लायंटची अख्खी सकाळ टॅक्सीत जाऊ शकते.

मेलवरून आठवलं. ब्रिटिश मंडळी 'नॉर्थ' आणि 'ईस्ट'मध्ये छोटी रेघ देतात, अमेरिकन एकच शब्द लिहितात. क्लायंट लंडनचा की न्यूयॉर्कचा ते बघा आणि एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. नुसती दिशा असेल तर पहिलं अक्षर लहान. प्रदेशाचं नाव असेल, म्हणजे आसाम-मेघालयवालं आपलं नॉर्थईस्ट, तर मोठं.

आता थोडा टाइमपास. हिचकॉकचा १९५९ चा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' ऐकून माहीत असेलच. गंमत म्हणजे होकायंत्रावर अशी दिशाच नाही! जुने खलाशी वर्तुळाचे बत्तीस भाग करायचे. एक भाग सव्वाअकरा अंशांचा. 'नॉर्थ बाय ईस्ट' म्हणजे उत्तरेपासून एक घर पूर्वेकडे. 'बाय'च्या पुढे फक्त चार मुख्य दिशांपैकीच एक येते, त्यामुळे 'बाय नॉर्थवेस्ट' होकायंत्रात बसतच नाही. अमेरिकेत ऑस्टिनला भरणाऱ्या 'साऊथ बाय साऊथवेस्ट' फेस्टिव्हलनं त्याच नावावर कोटी केली आहे.

सिनेमाला सगळं माफ असतं. बुलेटिन वाचणाऱ्याला नसतं. तेव्हा आज लंच टाइममध्ये फोनमधलं कंपास उघडा आणि ऑफिसची खिडकी कोणत्या दिशेला आहे ते बघा. उत्तर सोळापैकी एक आलं पाहिजे. 'पार्किंगच्या साइडला' चालणार नाही!