लॉसलेस आलं म्हणून डॅक-ॲम्प घ्यायचा का? आधी हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे बघा

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतातले प्रीमियम प्लॅन बदलले. लाइट, स्टँडर्ड आणि प्लॅटिनम असे तीन थर केले आणि लॉसलेस ऑडिओ फक्त वरच्या, महिन्याला २९९ रुपयांच्या प्लॅटिनममध्ये ठेवला. या लॉसलेसची घोषणा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये केली होती, म्हणजे साडेचार वर्षं वाट बघायला लावली. ॲपल म्युझिकने मात्र २०२१ मध्येच ते जादा पैसे न घेता दिलं होतं.

तेव्हापासून ऑफिसमधली ज्युनियर मंडळी आणि ठाकुर्लीतली मित्रमंडळी मला एकच प्रश्न विचारतात: "डॅक कुठला घेऊ?" गंमत म्हणजे, विचारणारा स्वतःकडे हेडफोन कुठला आहे ते सांगतच नाही. आणि खरं उत्तर तर तिथेच आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: हेडफोनला किती व्होल्टेज आणि किती करंट लागतो त्यावर ॲम्प ठरतो, आणि डॅकचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. बाजार नेमका उलट्या क्रमाने विकतो.

डॅक आणि ॲम्प, दोघांची कामं वेगळी

फोनमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. डॅक त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करतो. ॲम्प त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिमी जॅक गेला, पाठोपाठ बहुतेक कंपन्यांनी तो काढला. तरी हे दोन्ही भाग गेले नाहीत, त्यांची जागा बदलली. टाइप-सी डोंगल वापरत असाल तर डॅक आणि ॲम्प त्या डोंगलच्या बोटभर प्लॅस्टिकमध्ये आहेत. ब्लूटूथ हेडफोन असेल तर ते हेडफोनच्या आतच आहेत.

म्हणून पहिली गोष्ट: तुम्ही फक्त ब्लूटूथ वापरत असाल तर बाहेरचा डॅक तुमच्या काही कामाचा नाही. पैसे वाचले, असं समजा.

ब्लूटूथवर लॉसलेस कशाला?

सीडीच्या दर्जाचा ऑडिओ म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक जातो साधारण ३२८ पर्यंत, आणि सोनीचा एलडॅक उत्तम सिग्नल असताना ९९० पर्यंत. म्हणजे लॉसलेस फाइल वाटेत पुन्हा दाबली जाते. वायर लावा, असं स्पॉटिफाय स्वतःच सांगतं ते त्यामुळेच.

आता डेटाचा हिशोब करा. ३२० किलोबिटचं गाणं तासाला साधारण १४४ एमबी खातं. २४ बिट लॉसलेस अर्धा जीबी किंवा त्याहून जास्त. ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, स्लोने सीएसएमटीला जाऊन-येऊन अडीच तास धरा. म्हणजे रोज सव्वा जीबीच्या वर डेटा, तोही ब्लूटूथवर ऐकून वाया घालवायचा. लॉसलेस ठेवायचंच असेल तर घरी वायफायवर डाउनलोड करा, किंवा प्रवासासाठी सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा दर्जा खाली आणा.

खोक्यावरचे दोन आकडे

वायरवाला चांगला हेडफोन असेल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर दोन आकडे शोधा. पहिला इम्पिडन्स, म्हणजे ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत किती डेसिबल आवाज येतो.

सगळ्यात पसरलेला गैरसमज असा, की जास्त ओहम म्हणजे चालवायला जड हेडफोन. इथे आपल्या लोकलचं उदाहरण चपखल बसतं. कल्याण-सीएसएमटी लोकल पूर्वी १,५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या, आता २५,००० व्होल्ट एसीवर धावतात. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा हा बदल २०१५ मध्ये पूर्ण झाला. तेवढीच वीज जास्त व्होल्टेजने पाठवली की करंट कमी लागतो. हेडफोनचंही तसंच आहे. ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागतं, करंट अगदी कमी. कमी ओहमचा हेडफोन उलट, त्याला व्होल्टेज कमी पण करंट जास्त. जड की हलका हे ओहमवरून एकट्याने ठरत नाही.

मी तीन माहितीतल्या मॉडेलांचा हिशोब केला. गाण्यातल्या क्षणभराच्या सगळ्यात मोठ्या ठोक्यासाठी ११० डेसिबल लागतील असं धरलं:

- ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स (३८ ओहम, १ मिलिवॅटला ९९ डेसिबल): सुमारे ०.७ व्होल्ट, १८ मिलिअँपिअर, १३ मिलिवॅट.
- सेनहायझर एचडी ६५० (३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डेसिबल): सुमारे २.२ व्होल्ट, ७.५ मिलिअँपिअर, १७ मिलिवॅट.
- हायफायमॅन एचई६एसई (५० ओहम, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल): सुमारे ४.७ व्होल्ट, ९५ मिलिअँपिअर, ४५० मिलिवॅट.

बघा, ३०० ओहमच्या सेनहायझरला एम५०एक्सपेक्षा फार जास्त वीज लागतच नाही, फक्त व्होल्टेज तिप्पट लागतं. आणि ५० ओहमचा, कागदावर सोपा दिसणारा हायफायमॅन पंचवीसपटीहून जास्त वीज मागतो. ओहम बघून ॲम्प घेणारा इथेच फसतो.

आकडेमोड अवघड नाही. दर १० डेसिबलला दहापट वीज, दर ३ डेसिबलला साधारण दुप्पट. व्होल्टेजच्या भाषेत दर ६ डेसिबलला दुप्पट. एवढं लक्षात ठेवलं तर कुठल्याही हेडफोनचा अंदाज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतो.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. वरच्या यादीत १०३ आणि ९९ बघून सेनहायझर जास्त मोठा वाजेल असं वाटतं. प्रत्यक्षात एकाच फोनला लावले तर एम५०एक्स सुमारे १० डेसिबल मोठा वाजतो, कारण त्याचा आकडा व्होल्टच्या मापात ११३ होतो. एकक न बघता आकड्यांची तुलना करू नका.

मग डोंगल पुरतो का?

बहुतेकांना पुरतो. ॲपलचा टाइप-सी ते ३.५ मिमी डोंगल सुमारे १ व्होल्ट देतो. त्यावर एम५०एक्स आरामात वाजेल आणि एचडी ६५० चे ठोके १०३ डेसिबलपर्यंत जातील, शांत खोलीत तेही बऱ्याच जणांना भरपूर होतात. २ व्होल्ट देणारा डोंगल घेतला तर एचडी ६५० १०९ पर्यंत पोचतो, विषय संपला. एचई६एसईला मात्र १ व्होल्टवर ठोक्याला ९६-९७ डेसिबलच मिळतात. शास्त्रीय संगीतासारख्या हळू आवाजात रेकॉर्ड केलेल्या गोष्टींना ते कमी पडतं. तिथे टेबलवरचा, भिंतीच्या प्लगवर चालणारा ॲम्पच हवा.

दोन व्यावहारिक गोष्टी. ॲपलचा युरोपात विकला जाणारा डोंगल ०.५ व्होल्टवर मर्यादित आहे, त्यामुळे जर्मनीतल्या दादाला "येताना आण" म्हणू नका. आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हाच डोंगल खूप हळू वाजतो, कारण त्याच्या आतली व्हॉल्यूमची पातळी फोन पूर्ण वर नेत नाही. अँड्रॉइड असेल तर फिओ किंवा मूनड्रॉपसारख्या कंपन्यांचे डोंगल बघा, पण आधी व्होल्टचा आकडा वाचा. फक्त मिलिवॅट लिहिले असतील तर ते किती ओहमला दिलेत हे तपासा. ३२ ओहमला मिळणारा मोठा आकडा ३०० ओहमला मिळत नाही.

४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकबद्दलही खूप बोललं जातं. त्यातून साधारण दुप्पट व्होल्टेज, म्हणजे ६ डेसिबल जास्त मिळतात. तुमच्या हेडफोनला ते लागत असतील तर उपयोग आहे, नाहीतर फक्त वेगळी केबल घेण्याचा खर्च.

ॲम्पचा स्वतःचा इम्पिडन्स

ॲम्पलाही आउटपुट इम्पिडन्स असतो. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. कारण सांगतो. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण बासच्या भागात तो ५०० च्या आसपास जातो. १२० ओहम आउटपुटचा ट्यूब ॲम्प लावला तर हिशोबाने तिथला बास सुमारे १ डेसिबलने फुगतो. कुणाला ते उबदार वाटतं, आवडतं. आवडायला हरकत नाही, पण ही ट्यूबची जादू नाही, साधं व्होल्टेजचं वाटप आहे. अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये हा फरक जास्त होतो, तिथे १-२ ओहमच्या आतला सोर्स बघा.

डॅकवर पैसे शेवटी

डॅकची जाहिरात चिपच्या नावावर होते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकातला एकेएम कंपनीचा चिप कारखाना जळाला. पुरवठा बंद झाल्यावर अनेक ऑडिओ कंपन्या ईएसएस किंवा सिरस लॉजिकच्या चिपकडे वळल्या आणि डॅक विकत राहिल्या. चिपच सगळं ठरवत असती तर हे इतकं सोपं झालं नसतं. सीडीच्या १६ बिटला ९६ डेसिबलची रेंज मिळते. आजचा चांगला स्वस्त डोंगलही मोजमापात तिथपर्यंत पोचतो.

स्टिकरवरही भाळू नका. एमक्यूए नावाच्या फॉरमॅटचा शिक्का असलेले डॅक काही वर्षांपूर्वी जोरात खपत होते. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि जुलै २०२४ मध्ये टायडलनेही एमक्यूए सोडून दिलं. आता तो शिक्का तेवढा उरलाय.

सॉफ्टवेअरवाला म्हणून एक सांगतो. अँड्रॉइडमध्ये सगळे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि तो बहुधा ४८ किलोहर्ट्झवर चालतो. म्हणजे स्पॉटिफायचं ४४.१ किलोहर्ट्झचं लॉसलेस वाटेत बदलतं. अँड्रॉइड १४ मध्ये यूएसबी डॅकला आकडे जसेच्या तसे देण्याची सोय आली, पण ॲपने ती वापरली तरच. हा बदल कानाला कळेल असं मी म्हणणार नाही. पण ३८४ किलोहर्ट्झचा डॅक घेऊन फोन त्याला ४८ च देत असेल, तर त्या मोठ्या आकड्याचे पैसे कशासाठी दिले?

घेण्याआधी हे करून बघा

१. आहे त्याच फोनवर हेडफोन लावा. व्हॉल्यूम ६०-७० टक्क्यांवर पुरेसा वाटत असेल आणि मोठ्या ठोक्यांना आवाज फाटत नसेल, तर ॲम्पची गरज नाही.

२. लॉसलेस आणि ३२० किलोबिट यात फरक कळतो का ते तपासा. सेटिंग भावा-बहिणीला बदलायला लावा, तुम्ही स्क्रीन बघू नका. दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आलं तर तो अंदाज आहे.

३. दोन ॲम्प तोलताना आवाज सारखा ठेवा. एक डेसिबल मोठा वाजणारा नेहमी "जास्त क्लिअर" वाटतो. दुकानातल्या डेमोत नेमकं हेच होतं.

४. पैसे आधी हेडफोनवर घाला. फरक सगळ्यात जास्त तिथे ऐकू येतो. मात्र रुळाजवळ राहत असाल किंवा लोकलमध्ये ऐकणार असाल तर एचडी ६५० सारखा ओपन-बॅक घेऊ नका. बाहेरचा सगळा गोंगाट आत येतो, आणि मग आपण आवाज वाढवत जातो.

कानाचा हिशोब

तो आवाज वाढवणंच सगळ्यात महाग पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबल सरासरीने आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते, १०० ला फक्त २० मिनिटांवर. वर धरलेले ११० डेसिबल क्षणभराच्या ठोक्यासाठी आहेत, सलग ऐकायला नाहीत. ताकदीचा ॲम्प संवेदनशील इअरफोनला लावला तर व्हॉल्यूमच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून गेनचा स्विच कमीवर ठेवा आणि गाणं लावण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची सूचना देणारं सेटिंग असेल तर ते चालू ठेवा. आणि रूळ ओलांडताना किंवा प्लॅटफॉर्मच्या कडेला हेडफोन कानात नकोच, मग तो कितीही किमतीचा असो.

तुमच्या हेडफोनचा हिशोब जमत नसेल तर मॉडेल, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी एककासह लिहून ठेवा आणि दुकानदाराला एकच विचारा: "हा ॲम्प इतक्या ओहमला किती व्होल्ट देतो?" उत्तरात आकडा आला तर पुढे बोला. "साउंडस्टेज एकदम मस्त आहे" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.