माफीचे हप्ते

'ट्रस्ट' या २०१० सालच्या अमेरिकी चित्रपटात चार्लीचं वय वाढत जातं. आधी तो १६ वर्षांचा असतो. मग २०. मग २५. दोन महिन्यांच्या गप्पांनंतर मॉलमध्ये भेटायला येतो तो पस्तिशी उलटलेला गृहस्थ. ॲनी १४ वर्षांची. व्हॉलीबॉलच्या नादात चॅटवर ओळख झालेली.

हे वाढीव वय कुणी पकडत नाही. तो आपणहून सांगतो. खोटं बोललो, चुकलो, पण खरं सांगितलं असतं तर तू बोललीच नसतीस, अशा थाटात. ॲनी चिडते, रुसते आणि माफ करते. फसते ती इथे. खोट्याने तिला जवळ आणलं असेल, पण बांधून ठेवलं ते कबुलीने. प्रत्येक हप्त्यागणिक तिची खात्री पटत जाते की हा माणूस आपल्यापासून काही लपवत नाही.

१४ वर्षांच्या मुलीची माफी मागतं कोण? आपल्याकडे वडीलधाऱ्यांचं चुकलं तर रात्रीच्या जेवणाला न बोलता आवडीची भाजी होते. विषय संपला. 'माझं चुकलं' हे शब्द काही तोंडातून फुटत नाहीत. तिकडे ॲनीच्या शिकागोच्या उपनगरातही फार वेगळं नसावं. अशा वयात एक मोठा माणूस तिची मनधरणी करतो, बोलायचं की नाही ते तूच ठरव म्हणतो. तिने ते ठरवलं, यात नवल कसलं?

शाळाशाळांतून सायबर सुरक्षेची व्याख्यानं झडतात. अनोळखी माणसाशी बोलू नका. खोटं प्रोफाइल ओळखा. रोज बोलणारा माणूस अनोळखी किती दिवस राहणार? आणि प्रोफाइल खोटं आहे हे ते बनवणाऱ्यानेच सांगून टाकलं, तर मुलीने आणखी काय ओळखायचं? मुलीला माहीत नव्हतं म्हणून ती गेली, हा आपला सोयीचा समज. तिला बरंच माहीत होतं. ते तिने पोटात घातलं होतं.

म्हणून तर त्या भेटीत झालेल्या अत्याचाराचं प्रकरण पोलिसांत गेल्यावरही ती त्याचीच बाजू घेते. तक्रार करणाऱ्या मैत्रिणीवरच उखडते. त्याने आधी फसवलेल्या मुलींचे फोटो एफबीआयवाले दाखवतात, तेव्हा कुठे तिचा हेका सुटतो. थरारपटाच्या हिशेबात हा भाग रेंगाळतो. चित्रपटाचा ऐवज मात्र यातच आहे. दरम्यान बाप आपला वेगळाच थरारपट जगत असतो. गुन्हेगाराच्या मागावर रात्री जागवतो, तिच्या व्हॉलीबॉल सामन्याच्या ठिकाणी भलत्याच माणसाला बडवतो. शेजारच्या खोलीतल्या मुलीशी धड बोलणं तेवढं त्याला जमत नाही. दिग्दर्शक डेव्हिड श्विमर त्याच्या हाती गुन्हेगार लागू देत नाही, हे बरं केलं. बाप अखेर लेकीची माफी मागतो. चित्रपट संपायला आलेला असतो तेव्हा.

मग श्रेयनामावलीबरोबर घरगुती व्हिडिओ दिसतो. चार्ली म्हणजे बायको आणि मुलगा असलेला, भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर. प्रेक्षकांना इथे धक्का बसतो म्हणे. का बसावा? दिवसभर पोरांत वावरणाऱ्याला, पोरांना घरी काय ऐकायला मिळत नाही, हे पुरतं ठाऊक असतं.