लाल दिवा लागलाय का, सर?

तक्रार केंद्रातल्या माणसाला तुम्ही काहीही सांगा, तो हेच विचारतो. मी म्हटलं, "अहो, दिवे सगळे हिरवे आहेत. पण रोज रात्री साडेआठच्या सुमाराला नेट तुटायला लागतं आणि नऊच्या आत आपोआप ताळ्यावर येतं." तो म्हणाला, "ओके सर. लाल दिवा लागलाय का?" लाल दिव्याची भाषा त्याला येते. काचेच्या तारेतून येणारा उजेड घरापर्यंत पोचलाच नाही की तो दिवा लागतो. उंदरानं कुरतडलेलं असतं, गच्चीवर पापड वाळत घालताना कुणाचा तरी पाय पडलेला असतो, नाहीतर मांडववाल्याच्या बांबूनं तार ओढलेली असते. आमच्या नौपाड्यात या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, वाटेत एखाद्या आंब्याला वळसा घालून जातात. मधली एखादी इमारत पुनर्विकासाला गेली की पुढच्या चार इमारती लाल होतात. त्याला निदान इलाज तरी असतो. हिरवे दिवे असताना तुटणाऱ्या नेटचं काय करायचं, हे त्याच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. "बरं, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, सर."

हे सदर मी गुरुवारी रात्री लिहितो आणि टेबलावरच्या जुन्या संगणकावरच लिहितो, हे नियमित वाचकांना माहीत आहे. (लॅपटॉप घ्या असं कळवणाऱ्यांचे आभार. नाही घेणार.) लेख नऊच्या आत पाठवायचा असतो आणि नेमकी तीच वेळ या दुखण्याची. पण माझं दुःख किरकोळ. आमच्या सूनबाईंचं ऑफिस अमेरिकेतलं. आपल्याकडे रात्र झाली की तिकडे सकाळ उजाडते आणि तिची मीटिंग सुरू होते. मागच्या खोलीतून "कॅन यू हिअर मी?" असा आवाज तीनदा आला की बाकीच्यांनी आपापली मतं आत ठेवायची, असा घरात नियम पडला आहे.

मतं मात्र प्रत्येकाकडे आहेत. सूनबाईंच्या मते राउटर जुना झाला. चिरंजीवांच्या मते शेजारी वाढले. त्यात थोडं तथ्य आहे, कारण वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच, एक, सहा आणि अकरा. आमच्या हॉलमध्ये बसून फोनवर पाहिलं तर अख्ख्या इमारतीची वाय-फाय नावं रांगेत उभी दिसतात. बायकोचं म्हणणं, स्वस्तातला प्लॅन घेतला की असंच होणार. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "कंपनीवाले मुद्दाम करतात." काकांच्या मते लिफ्टवालेही मुद्दाम करत होते, तो लेख आठवत असेलच.

तक्रार नोंदवली की एक मुलगा येतो. येतो सकाळी अकराला, कारण साडेआठला त्याची ड्यूटी संपलेली असते. तो राउटरला जवळजवळ टेकून उभा राहतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो आणि काटा सर्रकन उजवीकडे जातो. "बघा काका, फुल येतंय." "अरे, पण रात्री..." "आत्ता तर येतंय ना? ओटीपी द्या."

या ओटीपीवर मला खरं तर वेगळा लेख लिहायचा आहे. आपलं समाधान झालं, असं आपल्याच तोंडून वदवून घेण्याची ही सोय आहे. आकडे सांगितले नाहीत तर मुलगा दारातून हलत नाही. "काका, तिकीट ओपन राहतं माझं, वरून बोलणी बसतात." त्याचा घामेजलेला शर्ट आणि खाली ताटकळणारी गाडी बघून माणूस विरघळतो. दुपारी मेसेज येतो की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. शिवाय स्पीडबद्दल आमचं भांडण नव्हतंच. सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस म्हणजेही ब्रॉडबँड, आणि २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसलाही तो मान होता. मीटिंगमध्ये बोलायला वेग फारसा लागत नाही. मध्ये खंड पडू नये, एवढंच लागतं.

खंड कुठे पडतो ते शोधायची रीत मात्र सोपी आहे. संगणकावर काळी खिडकी उघडून आधी राउटरला पिंग करायचं, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं; बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीसा असतो. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, म्हणजे ८.८.८.८ ला. राउटरकडूनच उत्तर रखडत आलं तर दुखणं घरात. राउटर ठणठणीत आणि बाहेरचा गप्प, तर कंपनीला पकडायचं. दोन्ही बोलतात तरी वेबसाइट उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारं खातं, म्हणजे डीएनएस, आजारी. हा पिंग माइक म्यूस नावाच्या माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत एका रात्रीत लिहिला. त्याच्याही नेटवर्कमध्ये असाच काहीतरी घोळ होता. गंमत म्हणजे त्याचं लिहून होईपर्यंत तो घोळ सापडून दुरुस्तही झाला होता.

पूर्वी हे असलं काही लागत नसे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे इंटरनेट आणलं, त्यानंतरच्या त्या मोडेमच्या काळात बिघाड ऐकू यायचा. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि मध्येच तुटलं तर आतल्या खोलीत कुणीतरी फोन उचललेला असायचा. गुन्हेगार रिसीव्हरसकट सापडायचा.

तर राउटरला पिंग सतत चालू ठेवून मी साडेआठला संगणकासमोर बसलो. तीन मिलिसेकंद, दोन, तीन, चार. मग एकदम चारशे. मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". मागच्या खोलीतून "कॅन यू हिअर मी?" आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज: "भाजी गरम झाली की आमटी ठेवते, कोण कोण बसतंय?"

आमच्या घरी सगळे एकदम जेवायला बसत नाहीत. त्यामुळे भाजी, आमटी, भात, नातवाचं दूध असं एकेक भांडं मायक्रोवेव्हमध्ये आत-बाहेर होत राहतं. हा मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या त्याच पट्ट्याच्या ऐन मध्यावर. (पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला नाचतो असं लोक छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही, दुसऱ्या वारंवारतेवरही अन्न गरम होतं.) दारातून जी गळती होते ती माणसाच्या दृष्टीनं नगण्य. पण आत आठशे-नऊशे वॅट खेळत असतात आणि बिचारा राउटर एका वॅटच्या दहाव्या हिश्शाएवढ्या आवाजात बोलत असतो. साध्या मायक्रोवेव्हची लहर विजेच्या अर्ध्या फेऱ्यातच उठते, सेकंदाला पन्नास वेळा. मधल्या फटींतून वाय-फाय जमेल तेवढं बोलून घेतं. म्हणून सूनबाईंचा आवाज पूर्ण जात नाही, तुकड्या-तुकड्यांनी पोचतो.

चिरंजीव म्हणाले, मायक्रोवेव्ह माळ्यावर टाका. मला हा अन्याय वाटला. रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या नळीपुढे वितळलं, असं सांगतात; कंपनीनं पेटंटसाठी अर्ज केला १९४५ मध्ये. १९४७ साली विकायला आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच होतं आणि वजनाला सव्वातीनशे किलोच्या वर. त्याच वर्षी अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा असल्या यंत्रांसाठी राखून ठेवला गेला. दळणवळणाच्या दृष्टीनं ती टाकाऊ जागा होती. अमेरिकेनं १९८५ मध्ये तिथे विनापरवाना बोलायला मुभा दिली, वाय-फायचं पहिलं मानक आलं १९९७ ला, आणि भारतात या पट्ट्यावरची परवान्याची अट उठली ती थेट जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे मायक्रोवेव्ह हा मूळ भाडेकरू आणि वाय-फाय हा मागाहून आलेला पोटभाडेकरू. त्यानं आल्या-आल्या जुन्या माणसाला घराबाहेर काढा म्हणायचं? बायकोनं माझं हे भाषण पूर्ण ऐकून घेतलं. तिला पुराव्याची गरज नव्हती, मायक्रोवेव्ह तिच्या भावानं दिलेला आहे.

उपाय दोन. एक म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर जायचं. तिथे मायक्रोवेव्हची कटकट नाही, पण त्या लहरींना भिंती सोसत नाहीत, आणि आमच्या मागच्या खोलीपर्यंत दोन जाड भिंती आहेत. माझ्या संगणकाच्या वाय-फायला तर ५ गिगाहर्ट्झ हा प्रकारच माहीत नाही. दुसरा उपाय सरळ वायर. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "हे लॅनवाल्याचं काम. भिंत मी फोडून देतो." कंपनीच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, घरातलं वायरिंग आमच्यात बसत नाही." सोसायटीत सीसीटीव्ही लावणारा म्हणाला, तो फक्त बाहेरचं करतो. ज्याला विचारावं त्याची हद्द आमच्या उंबरठ्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे संपते.

शेवटी चिरंजीवांनी तयार वायर आणून हॉलमधून सतरंजीखाली सोडली. सूनबाईंच्या मीटिंगा सुरळीत झाल्या, आमटी वेळेवर गरम होऊ लागली. मग बुधवारी पुन्हा तुटलं. वायरच्या टोकाला प्लॅस्टिकची चिमटीएवढी क्लिप असते. ती मोडली की वायर खोचलेली दिसते, पण लागलेली नसते. क्लिप मोडलेली होती. कामाच्या मावशी म्हणाल्या, त्या सतरंजीला हातच लावत नाहीत. नातू म्हणाला, तो तिथे खेळतच नाही. बायको म्हणाली, झाडणं मावशी करतात आणि खेळणं नातू करतो. तूर्त ती क्लिप सेलोटेपनं जागेवर बसवली आहे आणि हा लेख त्याच वायरीवरून जाणार आहे. अर्धाच छापून आला तर कृपया संपादकांना पत्रं लिहू नयेत.