विश्लेषण : मांजराच्या नावावर १३० सायटेशन! ‘गूगल स्कॉलर’च्या आकड्यांवर किती विसंबावे?

‘लॅरी’ या मांजराच्या नावावर २०२४ मध्ये ‘गूगल स्कॉलर’वर गणिताचे १२ शोधनिबंध आणि १३० हून अधिक सायटेशन जमा झाली. रीझ रिचर्डसन आणि निक वाइज या संशोधकांनीच हे मुद्दाम घडवून आणले. सायटेशन विकणाऱ्यांची युक्ती किती सोपी आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

सायटेशन म्हणजे काय?

एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या कामाचा दिलेला हवाला म्हणजे सायटेशन. कोणी कोणाचा हवाला दिला, याची सूची करण्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’द्वारे प्रत्यक्षात आणली. आजचे ‘वेब ऑफ सायन्स’ त्यातूनच वाढले. ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ २००४ मध्ये आले. पहिल्या दोन्हींसाठी संस्थांना वर्गणी भरावी लागते. ‘स्कॉलर’ मोफत आहे.

शोध कसा घ्यायचा?

‘स्कॉलर’वर निबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधावे. निकालाखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली, की त्या निबंधाचा हवाला देणारे नंतरचे निबंध दिसतात. त्या यादीतही पुन्हा शोध घेता येतो. अलर्ट लावल्यास नव्या हवाल्याची सूचना ई-मेलवर येते.

आकडा फुगतो कसा?

‘स्कोपस’ आणि ‘वेब ऑफ सायन्स’ नियतकालिके पारखून घेतात. ‘स्कॉलर’चे सॉफ्टवेअर मात्र निबंधासारखे दिसणारे दस्तऐवज आपोआप टिपते. लॅरीचे निबंध संगणकाने जुळवलेली निरर्थक वाक्ये होती. फ्रान्समधील सिरिल लाबे यांनी २०१० मध्येच ‘आइक अँटकारे’ हा काल्पनिक संशोधक उभा करून त्याचा एच-इंडेक्स ९४ वर नेला होता. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या निर्देशांकानुसार ९४ म्हणजे प्रत्येकी किमान ९४ सायटेशन मिळालेले ९४ निबंध.

भारतात याचे महत्त्व काय?

‘एनआयआरएफ’ क्रमवारीत शोधनिबंध आणि सायटेशन यांना गुण असतात. त्यामुळे संस्थेचा दबाव प्राध्यापकांवर आणि त्यांचा विद्यार्थ्यांवर येतो. दुसरीकडे, या सूचींमध्ये इंग्रजी नियतकालिकांचा वरचष्मा आहे. मराठीतील चांगल्या संशोधनाचा हवाला मराठी ग्रंथात दिला गेला, तर तो बहुधा मोजलाच जात नाही. म्हणजे बनावट काम मोजले जाते आणि खरे सुटते.

मग विसंबायचे कशावर?

आकडा हा वाटाड्या आहे, निवाडा नव्हे. हवाला कौतुकासाठी दिला की चूक दाखवण्यासाठी, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी निबंध उघडून वाचावाच लागतो. तो मागे घेतला गेला आहे का, हे ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मोफत माहितीसाठ्यात तपासता येते. नेमणूक किंवा बढती ठरवणाऱ्यांनी एवढे कष्ट घेतले नाहीत, तर तोटा प्रामाणिक संशोधकाचाच होतो.