जंतू ओळखला, वाट कोण अडविणार?

पावसाळ्यात मुंबईच्या रस्त्यांवर पाणी साचले की महापालिकेचे आवाहन ठरलेलेच : पाण्यातून चाललेल्यांनी ताप अंगावर काढू नये, वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. सल्ला रास्त आहे. परंतु लेप्टोस्पायरोसिसविषयी जे ज्ञान आज हाती आहे, त्याच्या मानाने तो तोकडा आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

या रोगाचा मळसूत्री जंतू इनाडा व इडो या जपानी संशोधकांनी शोधून काढला, त्यास शतक उलटून गेले. उंदराच्या मूत्रपिंडात तो वस्ती करतो. उंदीर मात्र सहसा आजारी पडत नाही. मूत्रावाटे बाहेर पडलेला हा जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात तग धरतो आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या त्वचेतून किंवा डोळ्यांच्या नाजूक अस्तरातून माणसाच्या रक्तात शिरतो. मग ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. आणि रोग बळावला की कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, प्रसंगी फुप्फुसांत रक्तस्राव होऊन प्राणावर बेतते.

याच शहरात १८९६ साली प्लेग प्रकटला, तेव्हाही जंतू अज्ञात नव्हता. येर्सिन यांनी तो १८९४ मध्येच हाँगकाँग येथे ओळखला होता. अज्ञात होती ती त्याची वाट. उंदरावरील पिसू तो माणसापर्यंत पोहोचविते, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले, आणि तेही पुष्कळ काळ कोणी मानले नाही. तोवर सरकारी बळाचा भार माणसांवरच पडला : घरांच्या झडत्या, सामानाची होळी, रोग्यांची आप्तांपासून ताटातूट. पुण्यात त्या जुलमाची परिणती १८९७ मध्ये रँडच्या वधात झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

त्या राज्यकर्त्यांस अज्ञानाची सबब तरी होती. आपणांस ती कोठून मिळणार? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि महापुरापाठोपाठ या रोगाची साथ आली. तो धडा पुरेसा होता. न उचललेला कचरा उंदरांस पोसतो, आणि गटारे तुंबवितो तोही कचराच. म्हणजे जंतूचे घर आणि त्याचा मार्ग, दोन्ही आपणच बांधून देतो. पालिकेचे कामगार रात्री उंदीर मारतात. पण अन्नाचे ढीग तसेच राहिले, तर मारलेल्यांची जागा भरून निघण्यास कितीसा अवकाश लागणार?

पाण्यात उतरू नका, हे सांगणे सोपे. सफाई कामगार, हमाल, सखल वस्तीतील रहिवासी यांस उतरण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून प्रत्येक सफाई कामगारास, मग तो कंत्राटी का असेना, पावसाळ्यापूर्वी धड गमबूट मिळालेच पाहिजेत; मंडया, उपाहारगृहे व वस्त्या यांचा कचरा रोजच्या रोज उचलला गेलाच पाहिजे; आणि खिडकीतून पिशवी भिरकाविणाऱ्या सुशिक्षित नागरिकानेही आपला वाटा ओळखला पाहिजे.

गोळी ही शेवटची तटबंदी. पहिली तटबंदी झाडूची आहे, आणि ती आज ढासळलेली आहे. रोगाची वाट ठाऊक असूनही ती मोकळी ठेवणे, यास दैव म्हणत नाहीत. यास हयगय म्हणतात.